सासूबाई नापास होतात

"आजी, चप्पल डोक्यात घालतात का?"

हॉस्पिटलातल्या पोरसवदा स्पीच थेरपिस्ट मुलीने हे इतक्या गोड आवाजात विचारलं की हा प्रश्न आहे की धमकी, तेच मला आधी कळेना. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली-वर, खाली-वर अशी जोरात हलवली. हो. घालतात.

मुलीने कागदावर काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं. शून्य.

मी स्वतः शाळेत मास्तरीण. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, चूक की बरोबर, यावर माझं घर चालतं. त्यामुळे दुसऱ्याने काढलेली प्रश्नपत्रिका दिसली की मला ती तपासायची खाज सुटते. पण त्या दिवशी मी गप्प बसले. समोर परीक्षा चालली होती ती माझ्या सासूबाईंची, आणि त्या धडाधड नापास होत होत्या.

त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन दोनेक महिने झाले होते. पाय जरा सावरला होता, उजवा हात अजून मांडीवर पडून असायचा, आणि वाचा पार गेली होती. याला वाचाघात म्हणतात. मेंदूत भाषेचा कारभार जिथे चालतो तिथेच रक्त पोचलं नाही, म्हणून शब्द बाहेर येत नाहीत. बाहेर येत नाहीत हे सगळ्यांना दिसतंच. बाहेरचे आत किती जातात, हे तपासावं लागतं. आमचं सगळं त्यावर अडलं होतं. त्यांना आपलं बोलणं कळतंय की नाही? कळत असेल तर घरी व्यायाम, घरी थेरपी, घरी त्या. कळत नसेल तर नणंदेच्या मनात वारज्यातली एक जागा होती. तिच्या सोसायटीच्या मागेच, चोवीस तास नर्स, स्वच्छ चादरी, आणि अशा माणसांना ठेवून घेतात.

आता हे सांगायला हवं की या बाईंच्या जिभेखाली मी पंचवीसेक वर्षं संसार केला आहे. लग्नानंतर मी पहिल्यांदा पुरणपोळी केली तेव्हा त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "छान झालीये. पुढच्या वेळी पुरण आत भर." शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत लिफ्ट आहे. ती चालू झाली की लोक पेढे वाटतील अशी परिस्थिती आहे. एकदा मी जिन्यात धापा टाकत होते तर वरून आवाज आला, "सावकाश ये हो, स्वयंपाक मीच केलाय." त्यांची वाचा गेल्यावर काही नातेवाईक भेटायला आले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिला अभिनंदन म्हणतात.

आणि खरं सांगते, पहिले काही दिवस मलाही घर जरा मोठं वाटलं. मग शांतता अंगावर यायला लागली. मी भाजीत मीठ विसरले आणि कोणी काही बोललं नाही, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. असो.

तर परीक्षा. आधी चित्रं होती. एकात गोरा माणूस लांब दांड्याच्या फणीने अंगणातली पानं गोळा करतोय, फाटकाशी खांबावर पत्रपेटी आहे, आणि कुत्र्याने स्वेटर घातलाय. "आजी, चित्रात काय दिसतंय? खुणेने सांगितलंत तरी चालेल." सासूबाई कुत्र्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना वाचा असती तर त्या कुत्र्याचं काही खरं नव्हतं. मग सुट्या वस्तू. बर्फाचं घर. काट्याचा चमचा. कसलंसं फळ, जे मी आयुष्यात कधी मंडईत पाहिलेलं नाही आणि मंडईत मी आठवड्यातून दोनदा जाते. "यातलं आपण काय खातो?" मलाही येईना. मी खिडकीबाहेर बघितलं.

मग तिने विचारलं, "आजी, यजमानांचं नाव काय? मी तीन नावं म्हणते, बरोबर नावाला हात वर करा." सासऱ्यांना जाऊन काही वर्षं झालीत. पण ते होते तेव्हाही या बाईंनी त्यांचं नाव घेतल्याचं मी हळदीकुंकवाच्या उखाण्याव्यतिरिक्त ऐकलेलं नाही. "अहो", "इकडे", फार तर "मुलांचे वडील". त्यांच्यासमोर परक्या मुलीने सासऱ्यांचं नाव एकेरीत, दोन भलत्या नावांच्या मध्ये घालून म्हटल्यावर त्या ओठ मिटून, नजर खाली करून बसल्या. हात वर झाला नाही. शून्य.

आणि मग ते हो-नाहीचे प्रश्न. आपण आत्ता विमानात आहोत का? मानेने हो. माणसं घड्याळाने केस विंचरतात का? हो हो. त्या चपलेच्या प्रश्नाला तर सगळ्यात मोठा होकार. मुलीच्या चेहऱ्यावर दया यायला लागली, तसतसा सासूबाईंचा होकार जोरकस होत गेला.

रिपोर्ट आठवड्याने आला. इंग्रजीत. नवऱ्याने चष्मा लावून मोठ्याने वाचला. बोलणं: अत्यंत बाधित. आकलन: अत्यंत बाधित. रविवारी नणंद आली. ती माझ्यापेक्षा मोठी, व्यवहाराला पक्की, मनाने वाईट अजिबात नाही. तिने रिपोर्ट वाचला, डोळे पुसले आणि आईच्या खुर्चीशेजारी उभी राहूनच म्हणाली,

"आता बघ, तिला कळतच नसेल तर इथे काय नि तिथे काय. तू शाळेत, हा ऑफिसात. दिवसभर ती एकटी बाईच्या हवाली. तिथे निदान माणसं तरी असतील."

"ताई, त्या ऐकतायत."

"अगं, ऐकतेय गं. कळत नाहीये." आणि तिने रिपोर्टवर बोट ठेवलं.

त्या कागदानंतर घर बदललं. लोक त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायला लागले. डॉक्टर मला विचारायचे, "जेवतात का नीट?" फिजिओवाला मला विचारायचा, "दुखतंय का त्यांना?" चुलतदीर आला तो लहान बाळाशी बोलतात तसा टाळ्या वाजवून बोलला. सासूबाई पंख्याकडे बघायच्या. आणि मी, ही घरातली सांगणारी, दर दिवाळीला सगळ्यांना जमवून गोष्टी ऐकवणारी, मीसुद्धा त्यांच्याशी बोलायचं कमी केलं. उत्तरच येत नाही, तर बोलायचं काय?

मग एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. सासूबाई नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या खिडकीशी, पाठीशी उशी घेऊन बसलेल्या होत्या. काकू दारातूनच म्हणाल्या, "काय आजी, बसलात का?"

सासूबाईंनी मान हलवली. नाही. आणि डाव्या हाताची दोन बोटं खुर्चीच्या हातावर अशी टकाटका पळवली. बसले नाही, धावतेय.

"अरेरे," काकू मला म्हणाल्या, "काही कळत नाही हो बिचाऱ्यांना."

मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं. उजवी बाजू ओघळलेली. डाव्या बाजूला ओठाचा कोपरा जरासा आत ओढलेला. तो कोपरा मी पंचवीसेक वर्षं बघत आले आहे. पुरणपोळीच्या वेळी तो तिथेच होता. माझ्या हातातलं चहाचं भांडं तसंच राहिलं आणि काही क्षण मला पोटातून इतकं हसू आलं की काकूंना वाटलं, माझंही काहीतरी झालं.

अहो, ही बाई टोमणे मारत होती! आपण विमानात आहोत का? हो, दिसत नाही का, हवाईसुंदरी समोरच बसलीये. घड्याळाने केस विंचरतात का? हो तर, आणि कंगव्यात वेळ बघतात. चप्पल डोक्यात घालतात का? विचारणारीच्या घालावी लागते कधीकधी. जन्मभर या पेठेत राहिलेल्या माणसाला मूर्ख प्रश्न विचारला तर तो सरळ उत्तर देतच नाही. तो त्याचा मानभंग आहे. दारात उभ्या माणसाला "आलात का?" विचारलं तर "नाही, अजून मंडईतच आहे" हे इथलं उत्तर आहे. शब्द गेले, पण सवय गेली नव्हती. आणि तिची किंमत प्रत्येक वेळी शून्य लागली होती.

हसू ओसरल्यावर जो राग आला तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढून मी त्या थेरपिस्ट मुलीसमोर जाऊन बसले. भांडायच्या तयारीने गेले होते. दोन वाक्यंही पाठ केली होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला.

"काकू, मला पण वाटलं होतं काहीतरी विचित्र आहे. सगळेच उलट. चुकणारा माणूस थोडं बरोबर, थोडं चूक असं चुकतो. आजींचं सगळं रांगेत उलटं होतं."

"मग लिहिलं का नाहीस तसं?"

"त्याला जागाच नाहीये फॉर्मवर."

मग ती बोलत सुटली. बहुतेक तीही कोणीतरी विचारायची वाट बघत होती. मूळ चाचणी इंग्रजी माणसांसाठी केलेली. आमच्याकडे होती ती कोणीतरी केव्हातरी मराठीत उतरवलेली. काही भाषांतरं चांगली आहेत, काही अशी, चप्पल डोक्यात घालणारी. आणि भाषांतर चांगलं असून भागत नाही. सत्तरी-ऐंशीच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या धडधाकट मराठी बाईला यातलं किती येतं, हे आधी माहीत हवं ना, मग आजारी बाईचं मोजायचं. "ते कोणी बघितलंय, किती जणांवर बघितलंय, काकू, मला माहीत नाही. मी शोधलं होतं. कुठे कुठे थोडं काम झालंय, ते एकमेकांना सापडत नाही."

"मग तुम्ही करा की!"

"कधी?" ती हसली. "माझा प्रबंध होता मराठीवर. पेशंट जमवले, मार्गदर्शकांनी सही केली, डिग्री मिळाली. प्रबंध कॉलेजच्या कपाटात आहे. पुढे तो कोणी उघडला नाही, मीपण नाही. इथे एक पेशंट गेला की दुसरा आत येतो. दुपारचा डबा मी तीनला खाते. संशोधन काय आंघोळ करताना करू?"

माझी पाठ केलेली दोन्ही वाक्यं वाया गेली. त्या मुलीवर चिडता येईना, ही तर आणखीच चीड आणणारी गोष्ट.

मराठी बोलणारी माणसं कोट्यवधी. त्यांच्या मेंदूला झटके यायचे थांबलेले नाहीत. प्रत्येक पेठेत, प्रत्येक सोसायटीत एक तरी खुर्ची अशी आहे जिच्यात बसलेल्या माणसाला शब्द सापडत नाहीत. भाषेचं कौतुक करायला आपल्याकडे मंडप आहेत, शाली आहेत, नारळ आहेत, आमच्या शाळेत तर मीच दरवर्षी मराठी भाषा दिनाला फळ्यावर रंगीत खडूने मजकूर लिहिते. आणि ती भाषा एखाद्याच्या डोक्यातून निघून गेली की ती कशी शोधायची, याला साधन काय? तर स्वेटरातला कुत्रा. ज्यांनी ते चित्र काढलं त्यांची यात काही चूक नाही. त्यांनी त्यांच्या म्हाताऱ्यांसाठी काढलं, नीट काढलं. आपण आपल्यांसाठी काय काढलं? प्रबंध. कपाटात ठेवायला.

त्या मुलीने मात्र एक केलं. दोन दिवसांनी स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत आम्हाला बोलावलं. फॉर्म बाजूला ठेवला. टेबलावर चष्मा, किल्ली आणि कंगवा मांडले. "आजी, किल्ली चष्म्याच्या पलीकडे ठेवता?" सासूबाईंनी ठेवली. "आता कंगवा मला द्या आणि चष्मा काकूंना." दिला. मग ती म्हणाली, "आजी, मला उकडीचे मोदक शिकायचेत. मी सांगते, चुकलं की थांबवा. पाण्याला उकळी आणायची, त्यात मीठ, तूप. मग पिठी घालायची, झाकण ठेवून वाफ काढायची. मग उकड पूर्ण गार झाली की सावकाश मळायला—"

डावा तळवा टेबलावर असा आपटला की किल्ली उडून खाली पडली.

त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असेल, पण मी किल्ली शोधायला टेबलाखाली गेले होते.

मी तिथूनच विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. सासूबाईंची चाकाची खुर्ची ढकलत. प्रमुख सभ्य गृहस्थ. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, सगळं ऐकलं, आणि सासूबाईंकडे एकदाही न बघता म्हणाले,

"मॅडम, नातेवाइकांना वाटतंच की पेशंटला सगळं कळतंय. आपण समजू शकतो."

"वाटत नाहीये. त्यांनी आत्ता टेबल फोडलं असतं."

"मोदकांवरून आम्हाला स्कोअर काढता येत नाही ना. चाचणी प्रमाणित आहे. ती ठरलेल्या पद्धतीनेच घ्यावी लागते. उपरोध वगैरे मोजायचं साधन सध्या आपल्याकडे नाही."

"साधन नाही म्हणून त्यांना कळत नाही असं लिहिणार?"

"लिहिण्याची एक पद्धत असते."

"मग असं लिहा की आम्हाला कळत नाही," मी म्हणाले. "आकलन अत्यंत बाधित, आमचं."

माझा आवाज चढला होता. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय, ती बाहेरच्या रांगेपर्यंत पोचली. शिपाई दारात येऊन उभा राहिला. मला अजून बरंच बोलायचं होतं, पण रागात मराठीची शिक्षिका असूनही मला शब्द सापडेनात. नुसतं "तुम्ही म्हणजे, तुम्ही म्हणजे" एवढंच येत राहिलं. शेजारच्या खुर्चीतून सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, ओठाचा कोपरा आत ओढून.

रिपोर्ट बदलला नाही. त्याला एक पुरवणी जोडली गेली, की अनौपचारिक निरीक्षणात रुग्णाचा प्रतिसाद अपेक्षेपेक्षा चांगला आढळला. अपेक्षा कोणाची, ते लिहिलं नव्हतं.

रविवारी नणंद वारज्याच्या त्या जागेचं रंगीत पत्रक घेऊन आली. मी चष्मा, किल्ली, मोदक, सगळं सांगितलं. घरात गोष्टी मीच सांगते, आणि मीठमसाला घालते हे सगळ्यांना माहीत, म्हणून माझ्यावर कोणाचा विश्वास बसेना. नवरा म्हणाला, "तू जरा वाढवून सांगतेस." एरवी ते खरं असतं.

"मग मला विचारू नका," मी म्हणाले. "त्यांना विचार. पण नीट विचार. खुळ्यासारखं विचारलंस तर काय होईल तुला माहितीये."

नवरा उठला. आईच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसला. झटका आल्यापासून तो असा समोर बसला नव्हता. मी तरी किती बसले होते म्हणा.

"आई. ताईच्या घरामागे एक केंद्र आहे. नर्स असते. ताई रोज येईल, आम्ही रविवारी. घरी राहिलीस तर सकाळी कामाची बाई, दुपारी तू एकटी, तीनला ही येते. काय करू? तुला तिकडे जायचंय?"

ओठाचा कोपरा हलला नाही. त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि मान हलवली, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. अगदी सावकाश. मग मुलीकडे पाहून परत तेच, तिलाही स्वतंत्र उत्तर द्यावं तसं.

नणंद तिथेच जमिनीवर बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मग मला सांगायचं नाही का गं आधी!" आता या प्रश्नाला सासूबाई काय उत्तर देणार, म्हणून मी त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याकडे बघितलं. पण त्यांनी नुसता डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

त्याला आता वर्ष होत आलं. सासूबाई घरी आहेत. थेरपीला आठवड्यातून दोनदा जातो. काही शब्द परत आलेत. चहा. दार. बास. एकदा माझं नाव, पण ते मागून कोणीतरी ओरडल्यासारखं. वाक्य नाही. येईल की नाही, ते कोणी सांगत नाही, आणि मराठी माणसाची वाक्यं कशी परत येतात हे नीट लिहून ठेवलेलं नसताना त्यांनी तरी कशाच्या आधारावर सांगावं? त्या मुलीने स्वतःची चित्रं काढून घेतलीयेत. पोळपाट, बंब, किसणी, रिक्षा. स्वतःच्या खर्चाने. हे वाचून कोणी कौतुक करेल, पण मला त्याचाही राग येतो. एका पोरीने डबा खायच्या वेळेत करायची ही गोष्ट आहे का?

मागच्या महिन्यात ती उत्साहाने म्हणाली, "काकू, मी अभ्यास सुरू करतेय. आपल्याकडचे म्हातारे लोक, त्यांचे हो-नाही, उपरोध, सगळं. आजींचे व्हिडिओ घेतले तर सुरुवात त्यांच्यापासूनच होईल." मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे हो म्हणणार होते. वर्षभर मी याच गोष्टीसाठी जो भेटेल त्याच्यापुढे आरडाओरडा केला होता. पेढे आणायचेच बाकी होते.

"आजींना विचारते," ती म्हणाली. स्टूल ओढून समोर बसली आणि सगळं समजावून सांगितलं. व्हिडिओ कशासाठी, कोण बघणार, कुठे ठेवणार, नाही म्हटलं तरी थेरपी चालूच राहणार.

सासूबाईंनी सगळं ऐकलं. ओघळलेल्या तोंडावरून हात फिरवला. मग जीभ टाळ्याला लावायला बराच वेळ घेतला.

"न... नको."

मी मध्ये पडले. "आई, अहो, याचा पुढे किती लोकांना उपयोग होईल..."

"नको," त्या म्हणाल्या. या वेळी स्पष्ट.

मुलीने मोबाईल बंद केला आणि पर्समध्ये टाकला. "बरं आजी," ती म्हणाली, आणि पोळपाटाचं चित्र पुढे ठेवलं.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. प्रचंड राग आला होता, आणि आता तो कोणावर काढायचा तेही कळत नव्हतं.